नागूआबांचा पहारा

ऊन मंडपाच्या दारातून आत सरकलं तेव्हा नागूआबा गुरवांनी पहिल्यांदा मान वळवून बाहेर पाहिलं. त्यांचा पहारा कधीच संपला होता आणि पुढचा माणूस आला नव्हता. गळ्यात वीणा, एक हात दांड्यावर, दुसऱ्या हाताचं बोट तारेवर आणि तोंडाने नाम. पहाटेपासून ते तसेच उभे होते.

मी समोरच्या निंबाखाली बसून बांबूच्या कामट्या सोलत होते. आम्हा बुरडांची हद्द तिथपर्यंतच. सप्ताहाच्या मंडपाला चारी बाजूंनी सुंभाचा दोर बांधलेला असे आणि त्या दोराच्या आत आमचं पाऊल पडायचं नाही, असा गावाचा रिवाज होता. बघायला मात्र बंदी नव्हती, आणि मी त्या दिवशी बघायलाच आले होते.

"रामकृष्णहरी," आबा म्हणाले. या वेळी जरा मोठ्याने, रस्त्याकडे तोंड करून.

"धोंडू साळी यायचा न्हाई, आबा," मी म्हणाले. "त्याच्या मागचाबी यायचा न्हाई. उगं मान दुखवून घेऊ नका."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे आमच्या कोळगिरी गावात भलेभले पागोटं सावरायचे. "रामकृष्णहरी," ते दटावून म्हणाले.

दुसरं काही म्हणण्याची त्यांना सोयच नव्हती. चैत्रातल्या सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की काल्यापर्यंत भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. ज्याच्या गळ्यात ती असेल त्याने बसायचं नाही आणि नामाखेरीज शब्द काढायचा नाही. पुढचा आला की देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या. मग पहारा उतरला. हे सगळं मला माझ्या बापाने सांगितलं होतं. आणि त्या रिवाजाने माझा बाप मारला गेला, तोही याच आबांच्या हातून.

माझा बाप सोनबा बुरूड. सुपं, टोपल्या, रोवळ्या विणून पोट भरणारा माणूस. आबांचा धाकटा भाऊ त्रिंबक एकदा आमच्या दारी देवाच्या फुलांसाठी परडी सांगायला आला. तरणाताठा, गोरापान, बोलण्यात गुरवकीचा तोरा. परडी तयार नव्हती म्हणून बापावर डाफरू लागला. बापाने चिरायला घेतलेला वेळू त्याच्यापुढे धरला.

"मालक, ह्याच्या आत काय हाय सांगा."

"काय असणार? काही नाही."

"मग ह्याचीच बासरी का करत्यात? भरीव वेळू बी असतोय की. त्याची का न्हाई करत?"

बाप वेळू चिरत म्हणाला, "भरीव वेळूची लाठी हुती, मालक. वाजायला आत जागा लागती."

परडी राहिली बाजूला. त्रिंबक आमच्या दारात जमिनीवर बसला तो दिवेलागणीलाच उठला, आणि उठताना त्याने माझ्या बापाच्या पायावर डोकं ठेवलं. पुढे ज्यांचे अभंग पंचक्रोशीत पसरले ते त्रिंबकबुवा हेच. त्यांचा पहिला अभंग मी दारात कामट्या सोलताना ऐकला:

गुरु माझा सोना । चिरी बांबू दारी ।
पोकळीत हरी । दाखविला ॥

बाप ऐकून हसला आणि म्हणाला, "माझं नाव कशाला घातलं? परडीला बुरडाचं नाव असतंय व्हय?" पण मला बापाचं नाव गाण्यात आलेलं फार आवडलं होतं. मी ते कोयता चालवताना म्हणायची.

नागूआबांना ते आवडणं शक्यच नव्हतं. देऊळ त्यांच्या ताब्यात, शंख त्यांचा, पंगतीत कोण कुठे बसणार ते ठरवणार तेच, आणि सख्खा भाऊ बुरडाच्या पायावर डोकं ठेवतो. त्यांनी त्रिंबकला जेवण तोडलं, घरात घेईनासे झाले. तरी त्रिंबक ऐकेना. पुढच्या चैत्रात त्रिंबकने गावासमोर मागणं मांडलं की माझ्या गुरूला वीणेचा पहारा मिळाला पाहिजे. सगळ्यांना वाटलं, आता आबा उसळणार. आबा म्हणाले, "देऊ की. देवाच्या दारी कसली जात?"

त्रिंबक भाबडा. त्याने आबांचे पाय धरले. आबांनी त्याला उठवलं आणि दूरच्या गावाहून कीर्तनकाराला आणायला धाडलं. मग घरोघर फिरून सांगितलं, "बुरडाकडून वीणा घ्यायची म्हणजे बुरडाच्या पायावर डोकं ठेवायचं. ज्याला ठेवायचं त्याने ठेवावं. पण त्याला पंगतीत पान नाही, देवळात पाऊल नाही."

माझ्या बापाने आंघोळ करून, नवं धोतर नेसून वीणा गळ्यात घेतली. त्या एका दिवसापुरता दोर त्याच्यासाठी खाली केला होता. त्याच्या हातात वीणा आबांनी स्वतः दिली नाही. एका आंधळ्या गोसाव्याकडून देववली आणि त्या गोसाव्याला काल्याआधीच गावाबाहेर काढलं. नंतर माझा बाप उभा राहिला तो राहिलाच. पुढचा माणूस येईना. दिवस गेला, रात्र गेली. पाणी द्या, कोणीतरी पाणी द्या, म्हणून मी दोराबाहेरून घसा कोरडा केला. मी आत शिरू नये म्हणून दोन माणसं उभी होती. "बा, ठेव ती खाली," मी ओरडले. बापाने नुसती मान हलवली आणि नाम घेत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोसळला.

कोसळताना मला फक्त त्याची पाठ दिसली. मी धावले तोवर आबा आत पोचले होते. त्यांनी वीणा उचलली, गोमूत्राने धुतली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. मग जमलेल्या लोकांना म्हणाले, "बुरडाच्या हातून वीणा भुईला पडली. देवाने दाखवून दिलं."

बाप संध्याकाळी गेला. मरायच्या आधी त्याने एकच वाक्य मला सांगितलं, "येसू, वीणा पडली न्हाई गं. माझ्या छातीवर हुती." तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण त्याचं कोण ऐकणार आणि माझं तरी कोण ऐकणार? गावाच्या तोंडी एकच वाक्य बसलं, सोनबाला वीणा झेपली नाही. पोरं खेळतानाही म्हणायची. कोणाच्या हातून भांडं निसटलं तर बाया म्हणायच्या, काय गं, सोनबा झालीस का?

त्रिंबक परतला तेव्हा आम्ही बापाला नदीकाठी पुरून आलो होतो. त्याने भावाला एक शब्द विचारला नाही. नदीकाठी समाधी बांधली, तिथेच झोपडी घातली आणि अभंग रचत बसला. माणसं लांबून येऊ लागली. आबांनाही कळलं की भाऊ मोठा होतोय, मग त्यांनी त्याला सन्मानाने बोलावलं आणि ‘गुरु माझा सोना’ त्याच देवळात टाळमृदंगावर गाऊ लागले. मी दोराबाहेर उभी राहून ऐकत असे. मला अभंग नको होते. बापाच्या नावावरचा तो डाग मला पुसायचा होता, आणि ज्याने तो लावला त्याच्याच हाताने पुसायचा होता. बापाने शिकवलेली पोकळी माझ्या वाट्याला आली नाही, मी भरीवच राहिले.

वाट बघायला मला काही हरकत नव्हती. त्या काळात मी गावाचं एकेक सूप विणत होते, आणि सूप विणता विणता मला माझी ताकद कळली.

मूल जन्मलं की पाचवीला ते सुपात निजवतात. लग्नात नवरी दुरडीत उभी राहते. माणूस मेला की त्याला नेतात ती तिरडीही आमच्याच बांबूंची. कोळगिरीला बुरडाचं घर एकच, माझं. नवरा वारल्यावर मी माहेरीच धंदा चालवत होते. मग ज्या वर्षीचं हे सांगते आहे त्या वर्षी, सप्ताह उभा राहण्याच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर गेले आणि धोंडू साळ्याच्या सगुणेला सगळ्या बायांदेखत म्हणाले, "औंदा नागूआबांच्या गळ्यातली वीणा घ्यायला ज्या घरातला गडी जाईल, त्या घरात माझं सूप जायाचं न्हाई, दुरडी न्हाई, तिरडी न्हाई. पोरं भुईवर निजवा आन् मढी हातावर न्या."

सगुणा घागर तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "येसू, त्या दिशी मी पाण्याचा तांब्या घेऊन निघाले व्हते. ह्यांनी दार लावलं."

"मग औंदा तू लाव," मी म्हणाले.

काही घरं भीतीने गप्प बसली, काही शरमेने. मला दोन्ही चालणार होतं.

तर आता मी निंबाखाली होते आणि आबा मंडपात. ऊन वाढलं तशी माणसं जमू लागली. दोराच्या बाहेर उभी राहून बघत होती आणि आत कोणी जात नव्हतं. आबांचं वय झालं होतं. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत ते उभे होते.

"पाणी पायजे का?" मी विचारलं.

"रामकृष्णहरी." आता दटावणी नव्हती.

मी शेजारच्या बाईला म्हणाले, "दे गं त्यांना पाणी. माझ्या बापाला न्हाई मिळालं, ह्यांना दे. मला ते उभं ऱ्हायाला पायजेत." तिने तांब्या नेऊन आबांच्या तोंडाला लावला. आबा प्याले. पाणी माझ्या बोलण्यावरून मिळालं हे त्यांना कळलं होतं आणि ते गिळताना त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला बरं वाटलं.

इतक्यात आबांचा मुलगा शिवा गर्दीतून पुढे आला. हातपाय धुऊन, डोक्याला रुमाल बांधून तयार होऊन आला होता. आबांचा चेहरा उजळला. शिवाने दोर उचलला.

"शिवा," मी म्हणाले, "सूनबाईला नववा लागला न्हवं?"

तो थांबला. मी मांडीवरचं अर्धं विणलेलं सूप वर धरलं. "तुझ्याच लेकरासाठी घेतलंय. इनू का मोडू, ते तू सांग."

शिवाने बापाकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. त्याचं पहिलं मूल पाचवीआधीच गेलं होतं आणि तेव्हापासून घरातल्या बाया कशाकशाला भीत होत्या ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याने दोर खाली सोडला. "मावशी, आसं करू नये," तो म्हणाला.

"तुझ्या बाला सांग."

"रामकृष्णहरी," आबा म्हणाले. मुलाला बोलावत होते की जा म्हणत होते, ते काही कळलं नाही. शिवा वळला आणि नदीच्या दिशेने पळत सुटला. तो काकाला आणायला गेला होता.

त्रिंबकबुवा आले तेव्हा गर्दी आपोआप बाजूला झाली. ते अनवाणी आणि घामाघूम होते. त्यांनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काय चाललंय ते विचारायची त्यांना गरज पडली नाही. ते सरळ दोराकडे निघाले. मी उठून त्यांच्या आडवी गेले.

"बुवा, तुमचा गुरू कोण?"

"सोनबाबा."

"गुरू गेल्यावर गुरूच्या जागी कोण?"

त्यांना पुढचं कळलं. हात जोडून म्हणाले, "गुरूची लेक, ताई."

"मग ती सांगती. वीणेला हात लावायचा न्हाई."

एवढा मोठा माणूस, ज्याच्या पायाची धूळ घ्यायला माणसं कोसभर चालत यायची, तो माझ्यासमोर मातीत बसला. मला त्यांचा तेव्हा जास्तच राग आला. माझ्या बापासाठी त्यांनी एवढं तरी भांडायला हवं होतं.

"ताई, तो पडेल," ते खाली बघत म्हणाले.

"पडू द्या."

"वीणा भुईला लागेल. बाबांनी जीव दिला, पण ती लागू दिली नव्हती."

"तुम्हांला ठाऊक हाय तर," मी म्हणाले. "एवढे अभंग केले. त्यात हे कुठं बसलं न्हाई व्हय? साऱ्या गावाला वाटतंय, बुरडाच्या हातून पडली. आज गुरवाच्या हातून पडू द्या. माझा बाप येकसारखा दिवसरात्र हुभा ऱ्हायला. ह्यांना येक दिवस निघंना. गावाला समद्यांदेखत बघू द्या कुणाला झेपली न्हाई ती."

मी मुद्दाम मोठ्याने बोलले. जमलेल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. मी काय मागत होते ते आता सगळ्यांना कळलं होतं, आणि आबांनाही. आबांनी वीणेचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तार छेडणं थांबलं होतं. नाम मात्र चालू होतं, पण आता ते श्वासासारखं तुटक येत होतं.

बुवा मातीत बसूनच म्हणाले, "दादा, ताईंना काय हवं ते तुझ्यापाशी आहे. देऊन टाक."

आबांनी मान हलवली. त्यांनी देवाकडे पाहिलं. समईच्या उजेडात मूर्ती नेहमीसारखी उभी होती. आबांचा गुडघा वाकला. ते सावरले, पुन्हा वाकले. वीणेचा भोपळा जमिनीच्या जवळ आला आणि पुन्हा वर गेला. मी हातातला कोयता खाली ठेवला. आत्ता, मी मनात म्हणत होते. आत्ता पडणार.

"पडली नव्हती," आबा म्हणाले.

दिवसभरात नामाशिवाय निघालेला तो त्यांचा पहिला शब्द. गर्दीत कुजबूज झाली, कारण पहाऱ्यावर बोलणं म्हणजे नेम मोडणं.

"काय?" मी म्हणाले. "ऐकू न्हाई आलं. मागच्यांनाबी न्हाई."

"सोनबाच्या हातून वीणा पडली नव्हती." आबांचा आवाज फाटला होता, पण आता तो शेवटपर्यंत जात होता. "त्याच्या छातीवर होती. दोन्ही हातांनी धरलेली. बोटं सोडवून मी काढून घेतली. खोटं मी बोललो. पुढचा माणूस येऊ नये म्हणून घरोघर मीच फिरलो."

सगुणा रडू लागली. तिच्या नवऱ्याने खाली मान घातली. मी कित्येक वर्षं हे वाक्य ऐकायला जगले होते आणि आता ते माझ्या कानांत पडलं होतं. मला वाटलं होतं, ऐकल्यावर अंगातला विस्तव विझेल. तो विझला नाही. ‘बोटं सोडवून’ हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या बापाची बोटं सोडवली होती या माणसाने.

"येसू, घे आता," आबा म्हणाले. "तूच घे."

कोणीतरी दोर खाली धरला. कोणी ते मी पाहिलं नाही. मी पहिल्यांदाच त्या मंडपात पाऊल टाकलं, बाईने वीणा घेऊ नये असं म्हणायला त्या दिवशी कोणाची जीभ रेटली नाही. आबांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. ती हलकी होती. एवढ्या हलक्या वस्तूने माझ्या बापाला मारलं, याचा मला नव्याने संताप आला.

मग आबा खाली बसले, हात टेकून पुढे झाले आणि नागनाथ गुरवाचं डोकं माझ्या पायावर आलं. त्यांचं कपाळ तापलेलं होतं. ते तसेच पडून राहिले. साऱ्या गावाने ते पाहिलं.

आता माझी पाळी होती. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं. सगळे वाट बघत होते. आबाही उठून बसले आणि पाय पुढे करून, मान खाली घालून वाट बघत होते.

मी वळले आणि नाम घेत मंडपातच फेरी घालू लागले.

"ताई," बुवा दोराबाहेरून म्हणाले, "नमस्कार राहिला."

मला बोलायचं नव्हतं, मी नेम मोडणार नव्हते. मी नुसती मान हलवली.

"ताई, तुम्ही वाकल्याशिवाय त्याचा पहारा उतरत नाही."

मला ते पुरतं ठाऊक होतं. मी फेरी पुरी केली, दुसरी घेतली, आणि आबा मंडपाच्या मधोमध तसेच बसून राहिले. संध्याकाळी बुवांनी माझ्याकडून वीणा घेतली. ते माझ्या पाया पडले, मी त्यांच्या पडले. जाताना आबांच्या शेजारून गेले आणि थांबले नाही.

काल्यानंतर आबा घरी गेले, पण बोलेनात. विचारलं तर एकच, रामकृष्णहरी. पहाऱ्यावर नेम मोडला, आणि पहारा उतरलाही नाही, म्हणून उतरेपर्यंत नामाखेरीज बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. देवळाची पूजा त्यांनी शिवाकडे दिली. सप्ताहाच्या पंगतीत बसायचं सोडलं, दोराबाहेर बसून जेवायचे. रोज सकाळी माझ्या दारासमोर येऊन उभे राहायचे. मी विणत असायची. ते "रामकृष्णहरी" म्हणायचे, तेही कसं, तर विचारल्यासारखं. मी वर बघायची नाही. ते थोडा वेळ उभे राहून निघून जायचे.

शिवाला मुलगा झाला. मी सूप दिलं, नवं कोरं, चांगलं विणलेलं. त्या लेकराशी माझं वैर नव्हतं.

आणि मग एक गोष्ट झाली, जी मी हिशेबात धरली नव्हती. लोक आबांच्या पाया पडू लागले. दिवसभर नामाखेरीज शब्द नाही, राग नाही, लोभ नाही, असा माणूस लोकांनी कधी पाहिला नव्हता. परगावची माणसं त्रिंबकबुवांकडे यायची, जाताना नागूबाबांचं दर्शन घेऊन जायची. मी जळत होते. मी दिलेल्या शिक्षेवर लोक फुलं वाहत होते.

एकदा बुवा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, लोक दादाला विचारतात, तुमचा गुरू कोण? तो तुमच्या घराकडे बोट दाखवतो."

"मला असला चेला नको."

"नाम तुम्हीच दिलंत त्याला."

"मी नाम न्हाई दिलं. मी त्यांचं त्वांड बांधलं."

बुवा हसले. बापासारखेच हसायचे, त्यामुळे त्यांच्यावर राग फार वेळ टिकायचा नाही.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हाही बुवाच आले. "एक नमस्कार, ताई. तेवढ्यासाठी जीव अडलाय त्याचा." मी गेले. बुवांना वाटलं असेल, विरघळले. मी गेले ते त्यांना डोळ्यांनी बघायला. आबा खाटेवर होते, बोटाएवढे झाले होते. मला पाहून उठायचा प्रयत्न केला, जमला नाही. हात लांब करून माझा पाय चाचपू लागले. "रामकृष्णहरी," म्हणाले. विनवणी होती ती, दुसरं काहीच नव्हतं.

मी पाऊलभर मागे सरले. त्यांचा हात जमिनीवर पडला.

"आबा," मी म्हणाले, "तुमचा पहारा चालू हाय."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत राहिले. काही वेळाने ओठही थांबले. बाहेर बुवा उंबऱ्यापाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "समाधान झालं, ताई?"

"झालं," मी म्हणाले. आणि झालं होतं. मी खोटं कशाला बोलू?

तिरडीचे बांबू मीच दिले. पुढे बुवाही गेले, आणि नदीकाठी आता तीन समाध्या झाल्या आहेत, माझ्या बापाची, बुवांची आणि त्यांच्या जरा अलीकडे आबांची. अंतकाळी मुखात नाम होतं, केवढं भाग्य, असं लोक म्हणतात. आबांच्या समाधीवरून उठतात आणि विचारत विचारत माझ्या दारी येतात, कारण कोणीतरी त्यांना सांगतं की नागूबाबांची गुरुमाउली अजून आहे, सुपं विणते. नारळ आणतात, बुक्का आणतात. गुरवांच्या घरातली माणसंही येतात.

मी त्यांना स्पष्ट सांगते, "मी त्यांची गुरू न्हाई. मी त्यांची वैरीण हाय. त्यांना मी माफ केलं न्हाई, आन् करायची न्हाई."

ते एकमेकांकडे बघतात. "बघा, मोठेपणा कसा लपवतात," असं कोणीतरी हळूच म्हणतं आणि सगळे वाकून माझ्या पायावर डोकं ठेवतात.

ठेवू देत. त्यांच्यापुढे मी पाय मागे घेत नाही.